सुधारक

शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. हिंजवडीतून साडेसहाच्या आत बाहेर पडलं तर माणूस आठपर्यंत कोथरूडला लागतो. साडेसहानंतर निघालं तर कधी लागेल ते वाकडच्या पुलालाच ठाऊक. लॅपटॉप बंद केलेला, डबा पिशवीत, सॅक पाठीला. आणि मागून खांद्यावर हात पडतो.

"दोन मिनिटं आहेत?"

"काय रे, अडलंय का कुठे?"

"छे, चालतंय. पण जरा बघतोस का?"

पोटात गोळा येतो तो इथे. 'अडलंय' म्हणाला असता तर बरं झालं असतं. न चालणाऱ्या कोडचा एक गुण असतो: तो कधीतरी चालायला लागतो आणि माणसं घरी जातात. चालणाऱ्या कोडला असा शेवट नाही. तो आणखी छोटा करता येतो, आणखी वेगवान करता येतो, त्यातल्या नावांना आणखी चांगली नावं देता येतात. हे सगळं करून झालं की पहिला होता तोच बरा होता असं वाटायला लागतं. या रानात एकट्याने शिरायला धीर होत नाही, म्हणून माणूस सोबत शोधतो. आणि सोबतीला त्याला नेमका सॅक लावलेलाच गडी सापडतो.

ऑफिसात आम्ही त्याला सुधारक म्हणतो. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' हे पत्र काढलं, त्याच्याशी याचं नातं इतकंच की 'आजवर चालत आलंय' हे कारण दोघांनाही पटत नाही. बाकी समाज आहे तसा राहिला तरी याची काही हरकत नाही.

तुमच्याही ऑफिसात एक असेल. ओळखायची खूण सांगतो. लॅपटॉप पूर्ण मिटला की झोपी जातो, म्हणून हा तो कधी पूर्ण मिटत नाही. पोथी वाचताना मध्येच दार उघडायला उठलेल्या माणसासारखं आत बोट घालून तो मजलाभर हिंडतो. बोट आत आहे याचा अर्थ दाखवायला काहीतरी आहे. हे ध्यान लिफ्टपाशी दिसलं की निम्मी टीम जिन्याने उतरते.

खरं म्हणजे आमच्या धंद्यात एकमेकांचा कोड तपासणं हा रोजचाच भाग आहे. बदल केला की पुल रिक्वेस्ट टाकायची, दोघांनी होकार दिला की तो मुख्य कोडमध्ये जातो. आम्हा बाकीच्यांना ते पासपोर्टच्या पोलीस तपासणीसारखं वाटतं: आपल्यात काही खोट नाही, फक्त सही हवी आहे. म्हणून अनुभवी माणूस आपला बदल शुक्रवारी संध्याकाळी टाकतो. तपासणाऱ्यालाही बस गाठायची असते. तो वरून खाली एक नजर फिरवतो आणि इंग्रजीतली चार अक्षरं लिहितो, 'एलजीटीएम'. म्हणजे 'मला ठीक दिसतंय'. ती चार अक्षरं मिळाली की आमचा शनिवार-रविवार सुखाचा.

सुधारकाला त्याच चार अक्षरांनी झोप लागत नाही. तो सोमवारी सकाळी जागेवर येऊन उभा राहतो.

"तू वाचलाच नाहीस."

"वाचला की. ठीक आहे."

"ठीक म्हणजे काय? हार्टब्लीडच्या वेळी पण ठीकच दिसला होता."

ही गोष्ट आमच्या मजल्यावर सगळ्यांची पाठ आहे. ओपनएसएसएल नावाचा कोड, जगातल्या असंख्य संकेतस्थळांची कुलपं त्याच्यावर अवलंबून. २०११ च्या ३१ डिसेंबरला रात्री त्यात एक बदल दाखल झाला. समोरून आलेल्या संदेशाची लांबी जितकी सांगितली तितकी खरंच आहे का, हे बघायचं लिहिणाऱ्याच्या हातून राहून गेलं. दुसऱ्याने तपासला, त्याच्याही नजरेतून सुटलं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते उघडकीला आलं तेव्हा जगभरच्या लोकांची पासवर्ड बदलायला धावपळ झाली. सुधारक ही गोष्ट सांगताना 'तपासणाऱ्याने पाहिला होता' या शब्दांवर थांबतो आणि आपल्याकडे अशा नजरेने बघतो की जणू त्या रात्री एकतीस डिसेंबरची पार्टी सोडून तपासायला आपणच बसलो होतो.

दुसरी गोष्ट 'चालतंय ना, मग कशाला हात लावतोस' असं म्हणणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली. एरियन ५ हे युरोपचं रॉकेट, ४ जून १९९६ चं त्याचं पहिलं उड्डाण. त्यातला दिशा सांभाळणारा कोड एरियन ४ वर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला, म्हणून तसाच उचलून बसवला. नवं रॉकेट जास्त जोरात निघालं. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ३२,७६७ पर्यंतच मावणाऱ्या खणात कोंबला गेला, तो मावला नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. "चालत होता," सुधारक म्हणतो, "एरियन ४ वर चालतच होता!"

आमचा कोड कर्मचाऱ्यांच्या रजा मोजतो. त्याने आजवर कुठलंही रॉकेट पाडलेलं नाही. पण हे म्हणायची सोय नाही, कारण म्हटलं की मिटलेला लॅपटॉप उघडला जातो.

आता इतकी ओढ असलेल्या माणसाला अभिप्राय दिला तर तो आनंदाने घेत असेल, असं तुम्हाला वाटेल. इथेच सगळे फसतात. लाडक्या पोराचं घरात कोडकौतुक होतं ना, आमच्याकडे तो शब्द अक्षरशः खरा आहे: सुधारकाला कोड दाखवून कौतुक हवं असतं. पण त्याला हे कोणी सांगितलेलं नाही आणि त्याने स्वतःलाही विचारलेलं नाही. तो अगदी मनापासून म्हणतो, "मोकळेपणाने सांग हं. शिव्या घाल. मला राग येत नाही."

तुम्ही बिचारे सांगता की हा भाग वेगळा काढला तर वाचायला सोपा जाईल.

"नाही, त्याचं काय आहे," तो सुरू होतो, आणि पुढची पंचवीस मिनिटं तो भाग तिथेच का हवा, हे तुम्हाला ऐकावं लागतं. मग तो गप्प होतो. चहाला बोलावलं तरी येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट घातलेला लॅपटॉप घेऊन प्रसन्न चेहऱ्याने येतो. "रात्री मला एकदम सुचलं. हा भाग वेगळा काढला तर काय सोपं होतंय बघ!"

आधी मला याची चीड यायची. हल्ली येत नाही. सूचना त्याच्या पोटात जायला साठ-सत्तर तास लागतात, इतकंच. ज्यांच्या पोटात ती कधीच जात नाही अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातली बरीचशी आता मॅनेजर आहेत.

त्याचं खरं रूप मी पाहिलं ते एका नव्या पोराच्या निमित्ताने. कॉलेजातून नुकताच आलेला मुलगा, पहिलाच महिना. नाव उलटं करून दाखवणारा चार ओळींचा कोड त्याने लिहिला होता. मुलाखतीत हमखास विचारतात तसला, शाळेतल्या पाढ्यासारखा. 'राम' टाकलं तर... पण त्याने 'राम' टाकलंच नव्हतं, इंग्रजी अक्षरं टाकली होती. ती छान उलटली. "चालतोय सर," तो म्हणाला.

सुधारकाने खुर्ची ओढली. कुठलाही कोड तपासताना तो क्रिकेटपटूंची नावं टाकतो. ती टाइप करायला बोटं सरावलेली आहेत म्हणे. त्याने गावसकरांचं पहिलं नाव देवनागरीत टाकलं: सुनील. एंटर.

पडद्यावर आलं: लीनुस.

क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी खदखदून हसलं आणि ते हसू आख्ख्या ओळीत पसरलं. लिनक्सचा कर्ता लीनुस तोरवाल्ड्स, तोच २००५ साली कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटचाही जनक, ज्याच्यावाचून आमचा एक दिवस सरत नाही. स्वीडिश बोलणाऱ्या फिनलंडच्या घरात त्याच्या नावाचा उच्चार जवळपास असाच करतात. पोराला वाटलं आपल्या हातून काहीतरी थोर घडलं.

"हसू नका," सुधारक म्हणाला. "हे चूक आहे." आणि मग त्याने तासभर त्या पोराला समजावलं. आपल्याला सुनील म्हणजे तीन अक्षरं, संगणकाला पाच चिन्हं: स, उकार, न, दीर्घ ईकार, ल. तो पाचही उलटवतो आणि मात्रा भलत्याच अक्षराला चिकटतात. लचा ली होतो, नचा नु होतो. माणसाने उलटं म्हटलं तर 'लनीसु' येईल. विजय टाकून बघ, 'यजिव' येतं, ते तर नाव म्हणूनसुद्धा खपणार नाही. सुनीलचं लीनुस झालं हा योगायोग, आणि योगायोगाने बरोबर दिसणारा कोड हा सगळ्यात वाईट.

एवढ्या तासाभरात त्याने एकदाही आवाज चढवला नाही, पोराच्या कीबोर्डला हात लावला नाही. शेवटी पोराने स्वतःच मार्ग काढला तेव्हा पहिली 'वा!' सुधारकाच्या तोंडून आली. दुसऱ्याचा कोड बघताना तो आमच्यात सगळ्यात चांगला तपासनीस आहे. रोग आहे तो स्वतःच्या कोडपुरता.

घरीही तेच, असं ऐकतो. बायको विचारते, भाजी कशी झालीय? हा म्हणतो, "चालतंय. पण..." आणि फोडणीच्या क्रमाविषयी एक मुद्दा मांडतो. "चालतंय ना? मग जेव," एवढाच तिचा अभिप्राय. त्याच्या आयुष्यात एलजीटीएम पचलेली हीच काय ती एक जागा.

ऑफिस पुरेना म्हणून तो बाहेर पडला. इंटरनेटवर न चालणाऱ्या कोडला वाली पुष्कळ आहेत. गाडी बंद पडली की रस्त्यावरचे चार जण धक्का मारायला येतात तसं ते. पण चालू गाडी थांबवून 'इंजिनाचा आवाज कसा वाटतो?' असं विचारलं तर लोक वेड्यात काढतात. सुधारकाने शोधून काढलं की जगात अशा वेड्यांचीही स्वतंत्र सोय आहे. तिथे उलटा नियम: कोड चालत असेल तरच आणा. बिघडलेला आणलात तर दारातूनच परत. आणलेल्या कोडवर देशोदेशीचे लोक फुकट, स्वखुशीने, स्वतःच्या झोपेची वेळ मोडून टीका करतात. सरावाची गणितं सोडवून मार्गदर्शकाकडून तपासून घ्यायची तर एक्सरसिझमसारखी ठिकाणं आहेत. गिटहबवर अनोळखी प्रकल्पात आपला बदल पाठवावा तर त्याचे मालक तो चाळणीतून काढतात. याला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

एआयलाही विचारून झालं. सुधारक दोन दिवसांत कंटाळला. मला वाटलं, उत्तरं चुकली असतील. "चुकत नाही रे," तो उदास होऊन म्हणाला, "तो माझं ऐकतो. मी म्हटलं की नाही पटलं, की लगेच म्हणतो तुमचं बरोबर आहे. भांडायला समोर कोणी नाही."

तर जगासमोर ठेवायला त्याने निवडला तो त्याचा लाडका कोड: गणपतीच्या वर्गणीची पावती. त्यांच्या गल्लीतल्या मंडळासाठी त्याने तो काही वर्षांपूर्वी लिहिला होता. नाव आणि रक्कम टाकली की मराठीत पावती छापून येते, खाली 'अक्षरी रुपये' सकट. खर्चाची व्हाउचरंही त्यातूनच निघतात. कोड उत्तम चालत होता. म्हणजे सुधारायला योग्य.

पहिला अभिप्राय आला: "हा वर्गानी कोण? कोडमध्ये सगळीकडे त्याचं नाव आहे." रोमन लिपीत लिहिलेलं 'वर्गणी' त्या माणसाला इटालियन आडनाव वाटलं होतं.

दुसरा: स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो आहे. एक लाखात तो दोन आकड्यांनंतर कसा? याने लाख आणि कोटी समजावून सांगितले.

तिसरा फारच हुशार निघाला. त्याने नमुन्याच्या पावत्या बघितल्या: १०१, ५०१, १,००१. तो म्हणाला, प्रत्येक रकमेत एक जास्त येतो आहे, ही प्रोग्रॅमरांची जगप्रसिद्ध चूक, मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू केली असणार. सुधारक त्या रात्री बारा वाजेपर्यंत एका परदेशी माणसाला, आपण देवाला पाचशे न देता पाचशे एक का देतो, ते इंग्रजीत समजावत बसला होता. शेवटी तो माणूस म्हणाला, ठीक आहे, पण मग तसं कोडमध्ये लिहून ठेव. सूचना रास्त होती. आज तिथे तशी टीप आहे.

काही जण बारीकसारीक गोष्टी काढायचे. ओळ ७९ अक्षरांच्या पुढे गेली, इथे एक जागा जास्त पडली. ओळीची ही हद्द ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डाच्या काळापासून चालत आलेली. कार्डं गेली, पण रकाने अजून माणसांच्या डोक्यात आहेत. अशा बारीक सूचनेच्या आधी 'निट' असा शब्द लिहायची रीत आहे. निट म्हणजे लीख. दुपारच्या वेळी ओट्यावर बसून एकमेकींच्या डोक्यातल्या उवा-लिखा काढणाऱ्या बायका आठवा, तेच काम. सुधारक पहिले काही दिवस तो शब्द 'नीट' असा वाचायचा आणि खूश व्हायचा.

एकाने जाता जाता एक ओळ टाकली: पैशांसाठी दशांश अपूर्णांक वापरू नकोस, सगळं पैशांत मोजून पूर्णांक ठेव. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३०००००००००००००००४ सांगतो, कारण एक दशांश त्याच्या दोनाच्या पद्धतीत नेमका बसतच नाही. सुधारकाने "मंडळाला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही" असं उत्तर दिलं. वर्षअखेरीला डेकोरेटरचं जीएसटीसकटचं बिल लागलं आणि जमाखर्चात एका पैशाचा फरक आला. मंडळाचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले. एका पैशासाठी रात्री नऊपर्यंत कॅश जुळवत बसलेल्या पिढीतले. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवणारा कोड वर्षानुवर्षं 'चालतंय' म्हणून चालू ठेवला आणि मग ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र सगळ्या शाखेने जागून काढली, ही त्यांची आवडती गोष्ट. त्यांनी सुधारकाला तीन दिवस फोन केले. चौथ्या दिवशी 'त्याला एकदम सुचलं' की सगळं पूर्णांकात ठेवावं.

पण खरी लढाई झाली अक्षरी रकमेवर. तिथे सुधारकाने शून्य ते नव्व्याण्णव असे शंभर शब्द ओळीने लिहून ठेवले होते. हे बघून जगभरचे लोक कळवळले. शंभर? इंग्रजीत २८ शब्दांत हे सगळं भागतं: एकोणीसपर्यंतचे वीस, नि दहादहांचे आठ. वीसला एक जोडा, दोन जोडा, शब्द आपोआप तयार. नियम शोध, यादी कसली करतोस?

मराठी माणसाच्या तोंडी हे आकडे लहानपणी बसलेले असतात म्हणून त्याला कळत नाही, पण एकदा 'दोन'च्या मागे लागून बघा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकट्या दोनाने बा, बत्, बे, ब आणि ब्या अशी किती सोंगं घेतली! यातून नियम काढायचा म्हणजे वऱ्हाडी मंडळींना एका रांगेत उभं करण्यासारखं आहे.

'मग आकड्यांची नावंच का बदलत नाही?' असं एकाने निरागसपणे विचारलं. त्याला काय ठाऊक की तेही करून झालं आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' असं वाचन आलं. जोडाक्षरांपाशी मुलं अडखळतात आणि तिथूनच गणिताची भीती बसते, असं गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांनी शांतपणे समजावून सांगितलं. महाराष्ट्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. वर्तमानपत्रं भरली, विनोदांना ऊत आला, विधिमंडळातही विषय निघाला. माझ्यापुरतं विचाराल तर मला बाईंचं म्हणणं पटलं होतं, आणि भाजीवाल्याने 'वीस पाच रुपये' म्हटलं असतं तर मी दुसऱ्या गाडीवर गेलो असतो. चालणारी गोष्ट सुधारायला निघालेल्याला समोर असेच लोक भेटतात, पटणारे आणि न ऐकणारे.

सुधारक सहा रात्री त्या शंभर शब्दांकडे बघत बसला. सातव्या रात्री त्याला नियम सापडला. सगळे नाही, पण नऊवाले तरी नियमात बसत होते! पुढचा दहाचा शब्द घ्यायचा आणि आधी 'एकोण' लावायचं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर. एकोणीसचं एकोणवीस होतं, पण तसंही लोक म्हणतात. यादीतल्या नऊ ओळी गळाल्या, त्यांच्या जागी एक आली.

तो कोड जगापुढे ठेवला तेव्हा पहिल्यांदाच कोणी खोड काढली नाही. इटालियन आडनाववाल्याने, पाचशे एकवाल्याने, सगळ्यांनी मिळून वाहवा केली. सुंदर, नेमका, बघण्यासारखा. इतक्या वर्षांत न मिळालेलं कोडकौतुक एका रात्रीत पदरात पडलं. सोमवारी त्याने सगळ्या मजल्याला चहा पाजला. मला कोड दाखवला. माझी सॅक पाठीला होती. मी म्हटलं, "ठीक दिसतंय."

चाचण्याही सगळ्या पास होत्या. वर्गणीच्या चारशे पावत्या छापल्या, एकीतही चूक नाही. असणार कशी? वर्गणीची प्रत्येक रक्कम एकने संपते. नऊचा प्रश्न आला कुठे?

मंडळात येणारा पैसा एकने संपतो आणि जाणारा नव्व्याण्णवने, हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही. सजावटीच्या दिव्यांची माळ ऑनलाइन मागवली होती, १,४९९ रुपयांची. तिकडे सगळ्याच किमती तशा असतात. व्हाउचर छापून खजिनदार काकांपुढे सहीला गेलं. काकांची सही करण्याची पद्धत बँकेतली: आधी आकडा, मग अक्षर, दोन्ही मोठ्याने वाचायचं आणि मगच पेन टेकवायचं. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली कोड तपासण्याची रीतसर पद्धत मांडली, तीत एकाने ओळीमागून ओळ सांगत जायची आणि बाकीच्यांनी चुका शोधायच्या असतात, तिथल्या तिथे दुरुस्त करत बसायचं नसतं. काकांनी फॅगन वाचलेला नाही.

"चौदाशे नव्व्याण्णव," काकांनी आकडा वाचला. मग चष्मा वर केला आणि अक्षरं वाचली. "एक हजार चारशे... एकोणशंभर."

मांडवात आम्ही सहा-सात जण होतो. मागे लाउडस्पीकरवाला 'हॅलो, माइक टेस्टिंग' करत होता, त्यानेही ते थांबवलं.

"एकोणशंभर?" काका पुन्हा म्हणाले. "कुठल्या गावचा रे हा आकडा?"

सुधारकाचा चेहरा मी बघत होतो. 'नाही, त्याचं काय आहे' येणार म्हणून मी खुर्चीत टेकलोसुद्धा. ते आलं नाही. साठ-सत्तर तास लागले नाहीत. तो खाली बसला, मांडीवर लॅपटॉप उघडला, आणि काकांनाच विचारलं, "काका, आणखी काही दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय की," काका म्हणाले. "'फक्त'च्या आधी एवढी जागा सोडलीस. उद्या कोणी मध्ये काही घुसडलं तर?"

त्याने ती जागा काढली. गाळलेल्या नऊ ओळी परत यादीत घातल्या, आणि यादीच्या माथ्यावर एक टीप टाकली: 'हे शंभर शब्द सुधारू नयेत.'

ते व्हाउचर मात्र नव्याने छापलं नाही. काका म्हणाले, कागद कशाला वाया घालवता. ते आजही मंडळाच्या फायलीत आहे: 'एकोणशंभर'वर लाल शाईची आडवी रेघ, वर 'नव्व्याण्णव', आणि बाजूला, बँकेत खाडाखोडीपाशी करतात तशी, काकांची छोटी सही. हिशोबतपासनिसांनी ते तसंच पास केलं.